लेहला पहिलं विमान उतरवलं कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वायुसेना दिनानिमित्त काढलेली आपली पुरवणी शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचली. नॅट, मिग, मिराज, राफेल यांच्यावर चांगली माहिती आहे. नातवाने ती कात्रणं वहीत चिकटवूनही ठेवली. पण आतल्या पानावर, १९४८ साली लडाख कसं राखलं गेलं याची जी चौकट आहे, ती वाचून मला हे पत्र लिहावंसं वाटलं. मेजर जनरल थिमय्या विमानाने लेहला गेले, एवढंच त्या चौकटीत आहे. विमान कोणतं होतं, चालवत कोण होतं, याचा कुठे उल्लेख नाही.

थिमय्यांविषयी मला अतिशय आदर आहे. पण २४ मे १९४८ रोजी त्या विमानात ते प्रवासी होते. विमान डाकोटा होतं, म्हणजे दोन इंजिनांचं मालवाहू विमान, आणि चालवत होते एअर कमोडोर मेहर सिंग. त्याआधी लेहच्या जमिनीला एकाही विमानाचं चाक लागलेलं नव्हतं. मेहर सिंग यांना फौजेत सगळे ‘बाबा’ म्हणत. आपल्याकडे मेहर बाबा म्हटलं की नगरजवळच्या अरणगावची समाधी डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगून ठेवतो की मी लिहितो आहे ते वैमानिक मेहर सिंग.

मी स्वतः वैमानिक नव्हतो. आर्मी सर्व्हिस कोअरच्या हवाई पुरवठ्यात माझी बरीच नोकरी झाली, चंदीगडला. एएन-१२ या मालवाहू विमानाच्या पोटात उभं राहायचं आणि डीझेड, म्हणजे माल टाकायची जागा, खाली आली की लोड बाहेर ढकलायचं, हे आमचं काम. केरोसीनचे जेरिकॅन आणि दारूगोळ्याच्या पेट्या पॅराशूट बांधून जात. धान्य दुहेरी-तिहेरी पोत्यांत भरून तसंच सोडलं जाई. एएन-१२ मध्ये वैमानिकांच्या केबिनला हवेचा दाब असतो, मालाच्या भागात नसतो. तिथे आम्ही ऑक्सिजनचे मास्क लावून, कमरेच्या पट्ट्याने स्वतःला बांधून थांबायचो. मागचे दरवाजे उघडले की खाली दरी दिसे आणि दोन्ही बाजूंचे डोंगर विमानापेक्षा वर गेलेले असत. लाल दिवा लागला की तयार राहायचं. हिरवा दिवा आणि घंटा, की ढकला.

पुरवणीत जे आलं नाही ते इथूनच सुरू होतं. पहाडातली डीझेड इतकी लहान असते की एका फेरीत थोडेच नग टाकता येतात. मग पायलटसाहेब वळसा घेऊन परत येतात. दरी तीच, उंची तीच, वेगही तोच, आणि तोही कमीच ठेवायचा, कारण जोरात गेलं तर माल पलीकडच्या नाल्यात जातो. लढाऊ वैमानिकाला शिकवलेलं असतं की शत्रूने एकदा पाहिलं की त्याच वाटेने लगेच दुसऱ्यांदा जायचं नाही. मालवाहू विमानाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिथूनच जावं लागतं. खालच्या पोस्टवरची माणसं वाट पाहत असतात आणि जागा बदलता येत नाही. शिवाय विमानावर उलट गोळी झाडायला काहीही नसतं. अशा माणसाच्या हातात मी माझा जीव पुष्कळदा दिला आहे. त्यामुळे त्याच्या धैर्याची जात मला ठाऊक आहे.

मेहर सिंग यांचा जन्म १९१५ चा, आता पाकिस्तानात असलेल्या लायलपूर जिल्ह्यातला. १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या वायुसेना कॉलेजात त्यांची निवड झाली. १९३६ मध्ये कमिशन मिळालं आणि ते नंबर एक स्क्वाड्रनमध्ये आले. तेव्हा आपल्या वायुसेनेची सगळी मिळून तेवढी एकच स्क्वाड्रन होती. वझिरिस्तानच्या डोंगरांत उघड्या कॉकपिटची वापिती विमानं ते चालवत. एकदा टोळीवाल्यांची गोळी पेट्रोलच्या टाकीला लागली आणि विमान डोंगरउतारावर कसंबसं टेकवावं लागलं. ते आणि त्यांचा गनर अंधारात लपतछपत पायी आपल्या चौकीवर परतले.

महायुद्धात नंबर सहा स्क्वाड्रन त्यांच्या हाताखाली ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. हरिकेन विमानांतून आराकानच्या जंगलावर अगदी खालून उडायचं, जपानी सैन्य कुठे आहे ते हुडकायचं आणि फोटो घेऊन यायचं. ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या आर्मीचे डोळे अशी त्या स्क्वाड्रनची ख्याती झाली. १९४४ मध्ये मेहर सिंग यांना डीएसओ, म्हणजे ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा ब्रिटिशांचा लष्करी सन्मान, मिळाला. आपल्या वायुसेनेत हा सन्मान मिळालेले ते एकटेच. एवढ्यावरही एखाद्याचं आयुष्य पुरं सफल झालं असं आपण म्हणू.

पण मला ते मोठे वाटतात ते १९४७-४८ च्या वर्षभरासाठी.

२७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली पलटण दिल्लीहून श्रीनगरला उतरली. त्या पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय लगेचच बारामुल्ल्याकडे धारातीर्थी पडले. हा दिवस आपण पायदळ दिन म्हणून पाळतो आणि ते योग्यच आहे. पण पलटण श्रीनगरला चालत गेली नव्हती. वायुसेनेकडे तेव्हा डाकोटांची एकच स्क्वाड्रन होती, नंबर बारा. तिच्या जोडीला खासगी कंपन्यांची विमानं आणि त्यांचे मुलकी वैमानिक घेतले. श्रीनगरची धावपट्टी आपल्या हातात आहे की पाकिस्तानातून घुसलेल्या टोळीवाल्यांच्या, हेही पहिलं विमान निघालं तेव्हा नक्की माहीत नव्हतं. १७ नोव्हेंबरपर्यंत दिल्लीहून ७०४ फेऱ्या झाल्या. एका डाकोटात मावतात साधारण पंचवीस-तीस जवान, किंवा पावणेतीन टनांच्या आसपास माल. एवढ्याशा मापाने मोजून मोजून एक राज्य वाचवलं गेलं. ओरिसाचे बिजू पटनाईकही त्या दिवसांत श्रीनगरला डाकोटा घेऊन गेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये डचांच्या नाकावर टिच्चून इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना त्यांनीच विमानातून बाहेर काढलं होतं. पुढे ते मुख्यमंत्री झाले म्हणून त्यांचं नाव राहिलं. बाकीच्या मुलकी वैमानिकांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

जम्मू-काश्मीरमधल्या वायुसेनेच्या ऑपरेशनल ग्रुपची सूत्रं मेहर सिंग यांच्याकडे होती. वय जेमतेम बत्तीस, हुद्दा एअर कमोडोर, छातीवर डीएसओ. या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने नकाशापुढे उभं राहून हुकूम सोडले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. त्यांची रीत वेगळी होती. जिथे विमान उतरेल की नाही याची खात्री नसेल, तिथे पहिली फेरी स्वतः करायची आणि मग बाकीच्यांना बोलवायचं.

पूंछचं तसंच झालं. नोव्हेंबर १९४७ पासून पूंछ शहराला वेढा पडला होता. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची थोडी फौज आणि सुमारे ४० हजार निर्वासित. सगळीकडच्या टेकड्या शत्रूकडे. निर्वासितांनीच हातांनी दगड-माती उपसून धावपट्टी तयार केली. तिच्या तीन बाजूंना ओढे, आणि विमान आणायचं तर डोंगरावरून एकदम खाली सूर मारून. डिसेंबरमध्ये तिथे पहिली डाकोटा मेहर सिंग यांनी उतरवली. पुढे वायुसेनाप्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्या विमानात प्रवासी होते. मग पहाडी तोफा गेल्या. दिवसा टेकड्यांवरून तोफा डागल्या जात म्हणून रात्रीचं उतरणं सुरू झालं, धावपट्टीच्या कडेला कंदील लावून. मार्च १९४८ मध्ये पंचवीस पौंडी तोफा पूंछमध्ये उतरवल्या तेव्हा विमानतळावर गोळे पडत होते. वेढा मोडला तो नोव्हेंबर १९४८ मध्ये. तोवर वर्षभर त्या शहराचं अन्न, औषध आणि दारूगोळा वरून आला आणि जखमी तिथून वरच्या वाटेनेच बाहेर गेले.

आमच्या युनिटमधले एक वयस्क सुभेदारसाहेब त्या वेढ्यात होते. ते फारसं बोलत नसत. एकदा थंडीत शेकोटीपाशी म्हणाले, “इंजिनाचा आवाज आला की आया मुलांना चुलीजवळ बसवायच्या.” विमान अजून उतरलंही नसायचं. मला पूंछविषयी जे कळलं त्यातलं हे सगळ्यांत खरं वाटतं.

याच डाकोटांकडून आणखीही एक काम करून घेतलं गेलं. बॉम्बर विमानं हाताशी नव्हती, तेव्हा प्रवासी दारातून बॉम्ब हातांनी लोटून खाली टाकले गेले. दारात उभं राहून लोटण्याची ती मेहनत काय असते हे मी जाणतो. आमच्या पेट्या निदान फुटणाऱ्या नव्हत्या.

आता लेह. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेजर पृथी चंद थोड्या स्वयंसेवकांसह बर्फातून झोजी ला ही खिंड ओलांडून लेहला पोहोचले होते. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूच्या काठी कच्ची धावपट्टी बनवली. मे महिन्यात कारगिल गेलं, स्कर्दू वेढ्यात होतं, आणि लेहवर शत्रू चालून येत होता. रस्त्याने कुमक पोहोचायला वेळच नव्हता.

डाकोटा हे विमान मुळात १९३५ सालच्या प्रवासी विमानावरून आलेलं. बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिनं. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. पंखांवर बर्फ धरलं तर ते झाडायचं साधन नाही. त्या वाटेचे नीट नकाशेही नव्हते. श्रीनगरहून झोजी ला मार्गे जाताना विमान तेवीस हजार फुटांपर्यंत न्यावं लागलं, म्हणजे डाकोटाची जी कमाल मर्यादा तिच्या अगदी टोकाला. त्या उंचीवर इंजिनाला दम राहत नाही आणि माणसालाही राहत नाही. बोटं बधिर होतात, साधी बेरीज चुकते. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर भरलेली डाकोटा तिथे टिकणार नाही, आणि खाली उतरायला डोंगरांशिवाय काही नाही.

एवढं करून लेह आलं तरी काम संपत नाही. लेहची पट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच आहे. विरळ हवेत विमान काट्यावर नेहमीचा वेग दाखवतं, पण जमिनीवरून खऱ्या अर्थाने कितीतरी जास्त वेगाने येतं, म्हणून थांबायला लांब जागा लागते. इथे तर वाळूची नवी पट्टी, भोवती डोंगर, आणि ती कशी आहे हे सांगायला आधी उतरून गेलेला कोणी नाही. परतीचं उड्डाण त्याहून अवघड, कारण तीच विरळ हवा पंखांना उचलत नाही. पुढे आम्ही चंदीगडहून पहाटे निघायचो, कारण लडाखमध्ये दुपारी वारा सुटतो आणि ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते. हे शहाणपण आम्हाला तयार मिळालं. ज्यांनी ते मिळवलं त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं.

थिमय्यांना घेऊन मेहर सिंग उतरले आणि वाट खुली झाली. त्यांच्यामागोमाग बारा नंबरच्या डाकोटा गुरखा जवान घेऊन आल्या. लेह राहिलं.

मेहर सिंग यांना महावीरचक्र मिळालं. वायुसेना त्यांनी १९४८ मध्येच सोडली. नंतर ते पतियाळाच्या महाराजांकडे सल्लागार होते. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीला येताना त्यांचं छोटं विमान वादळात सापडलं आणि ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती. वायुसेनेने २०१८ मध्ये ड्रोनच्या थव्यांची एक स्पर्धा सुरू केली, तिला मेहर बाबांचं नाव दिलं. त्याच वर्षी एक जुनी डाकोटा डागडुजी करून ‘परशुराम’ नावाने वायुसेनेत परत आली. तिच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला, २७ ऑक्टोबरला श्रीनगरला गेलेल्या डाकोटाची आठवण म्हणून. वायुसेना विसरलेली नाही. विसरलो आहोत ते आपण, वाचणारे आणि छापणारे.

एकट्या मेहर सिंग यांचंच नाव राहून जातं असंही नाही. लडाखमध्ये चीनच्या सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डीचं नाव २०१३ पासून टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं आहे. तिथे सी-१३० जे हे मालवाहू विमान उतरलं तेव्हा मोठी बातमी झाली. सोळा हजार फुटांवरच्या त्या जागी पहिलं विमान उतरलं होतं २३ जुलै १९६२ ला. ते पॅकेट नावाचं मालवाहू विमान स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी उतरवलं. जगात तेव्हा एवढ्या उंचीवर विमान उतरलेलं नव्हतं. राजे हे आडनाव वाचून मराठी माणसाची मान ताठ व्हायला हवी, पण आपल्या पुरवणीत ते नाव नाही.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चिनी हल्ला सुरू झाला त्या दिवशी स्क्वाड्रन लीडर चंदन सिंग लडाखमधल्या चिपचॅप भागात रसद टाकायला गेले होते. खाली आपल्या चौक्यांवर गोळीबार चाललेला. त्यांच्या विमानाला एकोणीस गोळ्या लागल्या. माल टाकूनच ते परतले. त्यांना वीरचक्र मिळालं आणि १९७१ मध्ये महावीरचक्र. २५ ऑक्टोबरच्या सुमारास एएन-१२ विमानांनी एएमएक्स रणगाडे लडाखमधल्या चुशूलला नेऊन उतरवले. १९७१ बद्दल पुरवणीत भरपूर आहे, तरी आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला ११ डिसेंबरला उतरलेल्या छत्रीधारी पलटणीला नेलं कोणी हे तिथेही नाही. विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांनी मालवाहू एएन-१२ मधून पाकिस्तानातल्या छांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर रात्री बॉम्बफेक केली, महावीरचक्र मिळवलं, तेही नाही.

आणि एक विमान आहे ज्याबद्दल आमच्यात कोणी मोठ्याने बोलत नसे. ७ फेब्रुवारी १९६८ ला एक एएन-१२ चंदीगडहून लेहला निघालं. त्यात १०२ माणसं होती. लेहकडे हवामान बिघडलं म्हणून फ्लाइट लेफ्टनंट हरकेवल सिंग यांनी विमान मागे फिरवलं, आणि रोहतांगच्या आसपास ते नाहीसं झालं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष सापडले. २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, बर्फातून आणखी चार देह मिळाले. ती बातमी आपल्या वर्तमानपत्रात मी वाचली होती, आतल्या पानावर, चार ओळींत. त्या घटनेनंतरही त्याच मार्गावर विमानं जात राहिली, कारण लेहला माणसं होती आणि हिवाळा होता. मी त्या कामावर रुजू झालो तेव्हा जुनी माणसं एवढंच म्हणाली होती, “साहेब परत वळवतो म्हणाले तर त्यांना दुसऱ्यांदा विचारायचं नाही.” वैमानिकाने परत फिरणं हेही त्याच्या धैर्यातच मोडतं, हे मला त्या वाक्यातून समजलं.

संपादकसाहेब, माझी मागणी फार नाही. चौकटीतली ती ओळ पुन्हा छापा आणि तीत मेहर सिंग यांचं नाव घाला. पुढच्या २४ मे ला जमल्यास त्यांच्यावर अर्धं पान द्या. फोटोही द्या, फेटा बांधलेला, तरतरीत चेहऱ्याचा तो माणूस आपल्या मुलांनी एकदा तरी पाहावा. स्क्वाड्रन लीडर राजे यांच्याविषयीही आपल्या वार्ताहरांनी शोध घेऊन लिहावं. हे काम मराठी वर्तमानपत्राने नाही करायचं तर कोणी करायचं?

वाचकांनाही एक सांगणं आहे. डाकोटा, पॅकेट, कॅरिबू, एएन-१२ यांवर काम केलेले वैमानिक, नेव्हिगेटर, इंजिनिअर, सिग्नलर आणि आमच्यासारखे लोड ढकलणारे, यांच्या घरी अजून पेट्यांत वस्तू पडून असतील. वैमानिकाची लॉगबुक बाहेरून साधी हिशेबाची वही दिसते. आत तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, किती तास, आणि शेवटच्या रकान्यात दोन-चार शब्द. घर आवरताना ती रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ वही दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयाला देता येईल का ते त्यांना विचारा. ज्यांचे वडील, काका, आजोबा हयात आहेत त्यांनी या दिवाळीत त्यांच्याशेजारी बसून विचारावं की कुठे कुठे उतरलात, कोणाला घेऊन गेलात. नावं तेव्हाच लिहून घ्यावीत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी सर्व्हिस कोअर (हवाई पुरवठा)